उघडे सांधे

पन्हळीचा सांधा घट्ट बंद करायचा आणि उभ्या पाइपाचा सांधा उघडा ठेवायचा. एवढी एक गोष्ट समजायला लोकांना इतकं जड का जातं, कोण जाणे. पन्हळ छताच्या कडेने आडवी जाते, तिच्यात पाणी साठतं, म्हणून तिथे दोन तुकड्यांच्या मध्ये लुकण भरून बोल्ट आवळायचे. पाइप भिंतीलगत उभा असतो. त्यात पाणी थांबत नाही, सरळ खाली जातं. वरच्या पाइपाचं टोक खालच्या पाइपाच्या रुंद गळ्यात नुसतं बसवायचं, हलू नये म्हणून शिशाच्या दोन पाचरी मारायच्या आणि खाली उतरायचं. मी हे इतक्या जणांना इतक्या वेळा ऐकवलंय की आमचे हे म्हणतात, तू झोपेतसुद्धा सांधेच बडबडतेस.

जुन्या न्यायालयाचं काम मात्र माझं नव्हतं, सूनबाईचं होतं. माझे गुडघे तीन वर्षांपूर्वी कुरकुरायला लागले, तेव्हापासून मी खाली स्टुलावर बसते आणि वर बघून ओरडते. परांचीवर ती चढते. पोरगी अंगाने बारीक, पण बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, सहा फुटी तुकडा दोरीने वर घेताना तिचा हात थरथरत नाही. प्रत्येक तुकडा वर नेण्याआधी ती तो टांगते आणि लाकडी हातोडीने ठोकते. टण्ण असा लांब आवाज आला तर तुकडा वर जातो. थड्ड असा आला तर कुठेतरी केसाएवढी चीर आहे, तो बाजूला. चौऱ्याहत्तर तुकड्यांपैकी पाच तिने ओतशाळेकडे परत धाडले. ओतशाळेचा मालक फोनवर माझ्याकडे रडगाणं गायला लागला, "तुमची सून फारच तिखट कानाची आहे हो." मी म्हटलं, "सून असून माझ्यावर गेलीय, काय करणार!"

रंगाचं काम आमच्या ह्यांचं. पाइप भिंतीपासून दोन बोटं पुढे उभा करतात, म्हणजे मागून हात फिरतो. मागची बाजू कुणाला दिसत नाही म्हणून बहुतेक रंगारी ती सोडून देतात, आणि बीड नेमकं तिथूनच गंजायला लागतं. आमचे हे एक छोटा आरसा मागे धरतात आणि त्यात बघत बघत ब्रश फिरवतात. एका पाइपाला अख्खा दिवस. मी कितीही कटकट केली तरी त्यांचा वेग वाढत नाही. हा चिवटपणा त्यांच्या वडिलांकडून आलेला. माझ्या सासऱ्यांनीच मला हे काम शिकवलं. माझ्या माहेरी भिंतीत खिळा ठोकायलाही माणूस बोलवायचे.

जुन्या इमारतींना हात लावायची परवानगी असलेल्या कारागिरांची एक यादी असते. माझं नाव त्या यादीत बत्तीस वर्षं आहे. सूनबाईचं नाव यंदा लागलं, तेही कच्चं. पहिलं काम पास झालं तर नाव पक्कं. नापास झालं तर नाव कटतं आणि पुन्हा लागत नाही. मग उरतात नव्या इमारती आणि प्लास्टिकचे पाइप. त्यांच्याकडे ती ढुंकूनही बघणार नाही, हे मला माहीत होतं. त्यामुळे तपासणीच्या दिवशी सकाळपासून तिच्या घशाखाली घास उतरला नव्हता, आणि मी तिला उगीचच चिडवत होते.

तपासणीला आलेला इंजिनिअर तरुण होता, नम्र होता आणि त्याला काम कळत होतं. असा माणूस फार अवघड. मूर्ख असता तर मी त्याला दोन मिनिटांत गुंडाळला असता. त्याने परांचीवर चढून पन्हळीचा उतार पाणसळ लावून पाहिला, बोल्ट हाताने चाचपले, आमच्या ह्यांचा आरसा मागून घेऊन पाइपांच्या मागे डोकावला आणि मान डोलावली. सूनबाईच्या चेहऱ्यावर जरा तरतरी आली. मग खाली उतरून तो चौथ्या पाइपाशी थांबला. खिशातून स्वतःचं कार्ड काढलं आणि पाइपाच्या सांध्यात सरकवलं. कार्ड अर्धं आत गेलं.

"हे भरलेलं नाहीये," तो म्हणाला.

"भरायचं नसतंच," सूनबाई म्हणाली.

"सगळेच असे आहेत?"

"अकराही पाइपांचे, सगळे."

त्याने वहीत काहीतरी टिपलं. "शुक्रवारपर्यंत सगळे सांधे भरून द्या, मी परत येऊन बघतो. नाहीतर मला काम नापास म्हणून लिहावं लागेल. बाकी काम फार चांगलं झालंय, म्हणून वाईट वाटतंय."

आमचे हे ब्रश हातात घेऊन मागे उभे होते. एरवी कामाच्या जागी तोंड न उघडणारा माणूस, पण त्या दिवशी बोलले. "भरून टाकू या," ते सूनबाईला म्हणाले. "या उघड्या सांध्यांपायी आपल्या घरातलं एक नाव आधीच गेलंय. माझ्या बाबांनी हट्ट केला, काय झालं बघितलंय मी. तू नको करू."

"पण बाबा, ते चुकीचं आहे," सूनबाई म्हणाली. तिचा आवाज लहान झाला होता. "आईंनी मला पहिल्या दिवशी हेच शिकवलं."

मी स्टुलावरून उठले. गुडघ्यांनी कुरकुर केली, पण त्यांचं ऐकायला मला वेळ नव्हता.

"साहेब, पाच मिनिटं थांबा," मी म्हटलं. "आणि जरा मागे सरका, बूट भिजतील."

त्याला वाटलं, म्हातारी थट्टा करतेय. तो हसला आणि तिथेच उभा राहिला. मी एक गोणपाट गुंडाळून चौथ्या पाइपाच्या तळाच्या तोंडात कोंबलं. सूनबाई माझ्या मनातलं ओळखून वर चढली आणि तिने पन्हळीत पाण्याची नळी सोडली. मिनिटभरात गोणपाटाच्या बरोबर वरच्या सांध्यातून पाण्याची बारीक धार बाहेर आली आणि साहेबांच्या बुटांवर पडली.

"पाइप कुठे तुंबलाय ते पाइपच सांगतोय," मी म्हटलं. "याला इंजिनिअर लागत नाही. दारावरच्या शिपायालासुद्धा दिसतं. तो पाला काढतो, धार थांबते, विषय संपला. आता पोर्चकडे चला."

पोर्चवरच्या छोट्या पन्हळीला एकच पाइप आहे. त्याचे सांधे मी रबराच्या पट्ट्या गुंडाळून आवळले, तळाला गोणपाट कोंबलं आणि वर पाणी सोडायला लावलं. आम्ही सगळे बघत उभे. कुठे काही नाही.

"एक थेंब नाही," इंजिनिअर म्हणाला.

"हो ना? किती छान! आता मान वर करा."

वर पन्हळ काठोकाठ भरली होती आणि पाणी तिच्या मागच्या कडेवरून भिंतीवर उतरत होतं. खाली पाइप कोरडा ठणठणीत दिसत होता. असं महिनाभर चाललं तरी रस्त्यावरून जाणाऱ्याला काही कळलं नसतं. इंजिनिअर बराच वेळ वर बघत राहिला. मी कमरेवर हात ठेवून उभी होते. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं की जिंकले.

"पटलं मला," तो अखेर म्हणाला, आणि बॅगेतून एक जुनी फाइल काढली. "पण मी येण्याआधी जुन्या नोंदी वाचून येतो. ही टपाल कार्यालयाची आहे, एकतीस वर्षांपूर्वीची. छत कोसळलं, त्याचं कारण लिहिलंय, 'उभ्या पाइपांचे सांधे उघडे सोडल्याने भिंतीत पाणी मुरले व तुळया कुजल्या.' कारागीर तुमच्याच घरातले. सांधे भरायचे हा नियम यंदाच झाला, या नोंदीवरून. तुमचा प्रयोग पाच मिनिटांचा आहे आणि इथे खरंखुरं छत पडलंय. या कागदाच्या विरुद्ध मी सही कशी करू?"

माझे कमरेवरचे हात खाली आले.

ते टपाल कार्यालय माझ्या डोळ्यांसमोरून कधी गेलेलंच नाही. माझं नाव यादीत लागून वर्ष झालं होतं, आणि परांचीवर चढणारी बाई त्या वेळी या शहरात मी एकटीच. सासरे बहिणीच्या आजारपणासाठी गावाला गेले होते. टपाल कार्यालयाच्या साहेबांचा निरोप आला, तुमच्या उत्तरेकडच्या पाइपांना घाम येतोय, येऊन बघा. मी गेले. खालच्या सांध्यांतून थेंब थेंब पाणी येत होतं. सासऱ्यांनी शिकवलेलं सगळं मला तोंडपाठ होतं. पण साहेब शेजारी उभे राहून शिपायाला म्हणाले, "बाईमाणसाकडून काम करून घेतलं की हे असंच व्हायचं." माझं डोकं सणकलं. सुतळी आणि लाल लुकण घेऊन मी वर चढले आणि त्या बाजूच्या दोन्ही पाइपांचे एकूण एक सांधे ठासून बंद केले. एक थेंब गळेना. साहेबांना खुर्चीतून उठवून बाहेर आणलं आणि दाखवलं. तळाच्या तोंडात पाला तुंबलाय का, हे बघायला मी वाकलेसुद्धा नाही. सासरे परत आल्यावर त्यांनाही काही बोलले नाही.

पावसाचे दिवस संपेपर्यंत पाणी त्या पाइपांत उभं राहिलं, पन्हळीच्या मागून भिंतीत उतरलं आणि तुळयांची टोकं कुजली. एका रविवारी टपाल निवडायच्या खोलीचं छत खाली आलं. सुट्टी होती म्हणून कुणाला लागलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणीची मंडळी यायच्या आधी सासरे मला घेऊन तिथे गेले. वर चढून त्यांनी पटाशीने पहिल्या सांध्यातलं लुकण उकरलं, तर पाण्याचा फवारा त्यांच्या छातीवर आला. मग सगळे सांधे एकेक करून मोकळे केले, कारण साठलेलं पाणी काढणं भागच होतं. खाली उतरले तेव्हा शर्ट चिंब होता आणि मुठीत लाल लुकण. त्या लुकणावर अंगठ्याचे ठसे होते. लुकण पट्टीने न दाबता अंगठ्याने दाबायची खोड घरात मला एकटीलाच होती.

"कुणाला काही सांगायचं नाही," ते म्हणाले. "तुझं नाव कटलं तर पुन्हा कुठल्या बाईला हे लोक वर चढू देणार नाहीत. माझं कटलं तर काय बिघडतं? मी म्हातारा झालोय."

दुपारी मंडळी आली, त्यांनी उघडे सांधे आणि ओली भिंत बघितली आणि लिहून मोकळी झाली. सासरे एक शब्द बोलले नाहीत. मीही नाही.

आणि बिघडलं ते बरंच बिघडलं. आमच्या ह्यांची खात्री झाली की वडिलांचा हातही थकला आणि डोकंही. त्यांनी काळजीपोटीच वडिलांची शिडी काढून घेतली. पुढची अकरा वर्षं सासरे आमच्या कारखान्याच्या दारात खुर्ची टाकून बसले. अधूनमधून काही सांगायला गेले की हे म्हणायचे, "बाबा, तुम्ही राहू द्या. तुमच्याकडून आता नाही व्हायचं." सासरे बरं म्हणायचे आणि बाहेर बघायचे. मी तिथेच असायचे, बोल्टांना तेल लावत, मूग गिळून गप्प. ते गेल्यावर तरी सांगायला हवं होतं. पण तोवर न सांगण्याची सवय झाली होती, आणि खरं म्हणजे मला माझं नाव फार आवडत होतं.

आता न्यायालयाच्या पोर्चमध्ये इंजिनिअर फाइल धरून उभा होता आणि सूनबाई माझ्याकडे बघत होती. आईंकडे याचं उत्तर असणार, असंच तिच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. माझा स्वभाव असा की मी घाबरले की माझा आवाज चढतो.

"ती नोंद चुकीची आहे," मी म्हटलं.

"कशावरून?"

"कारण ते सांधे उघडे नव्हतेच. बंद होते. पावसाळाभर बंद होते. मी केले होते बंद, या हातांनी. छत पडल्यावर सासऱ्यांनी पाणी काढायला ते मोकळे केले आणि तुमच्या लोकांनी नंतर येऊन मोकळे पाहिले. त्यांनी माझं नाव वाचवलं आणि मी वाचवून घेतलं."

आमच्या ह्यांच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती, म्हणून मी इंजिनिअरवरच डाफरले. "बघताय काय? पुढचं पान वाचा. लाल लुकणाचं काही लिहिलंय का बघा. तो जुना तपासनीस बारीकसारीक सगळं टिपायचा."

त्याने पान उलटलं, बोट ठेवून ओळी वाचत गेला आणि थांबला. "'सांध्यांच्या आतील कडेस लाल लुकणाचे अवशेष,'" त्याने वाचलं. पुन्हा एकदा मनाशी वाचलं. "सांधे उघडे सोडले होते, तर लुकण आलं कुठून? हे कुणी विचारलंच नाही."

"विचारलं असतं तर म्हाताऱ्याने काहीतरी थाप मारली असती," मी म्हटलं. "माझ्यासाठी."

इंजिनिअरने फाइल मिटली. "हे लेखी द्याल? तुमचा जबाब लागला तर ही नोंद रद्द होते, आणि मग उघड्या सांध्यांसकट मी हे काम पास करू शकतो. पण दोष तुमच्या नावावर चढेल. तुमचं नाव यादीतून जाईल."

"आई, नको," सूनबाई मध्येच म्हणाली. तिने माझा दंड धरला होता. "मी भरते सांधे. शुक्रवारपर्यंत सगळे भरून देते. काही बिघडत नाही."

"खबरदार!" मी तिच्यावर इतकी ओरडले की दारावरचा शिपाई बाहेर आला. "एकीचं नाव राखायला दुसऱ्याचं द्यायचं, हे या घरात एकदा झालंय, तेवढं पुरे. आणि बंद सांध्यांनी मिळालेलं नाव घेऊन करणार काय तू? उद्या या भिंती भिजल्या तर कुणाचं तोंड बघशील?" मग इंजिनिअरला म्हटलं, "आणा कागद. आणि नाव काटा माझं. बत्तीस वर्षं वापरून झालं."

त्याच्याकडे जबाबाचा छापील कागद होता. मी पोर्चच्या कठड्यावर तो ठेवला आणि उभ्यानेच लिहिला. अक्षर माझं चांगलं आहे. कोणत्या पाइपांचे सांधे बंद केले, कशाने केले, पाला का बघितला नाही, सकाळी सासऱ्यांनी काय केलं आणि मी काय केलं नाही, सगळं लिहिलं. शेवटी एक वाक्य जास्तीचं लिहिलं, की या कामात सासऱ्यांची काहीही चूक नव्हती. ते लिहिताना डोळे भरून आले. एकतीस वर्षांपूर्वी एका दुपारी हेच वाक्य तोंडाने म्हणायचं होतं, बाकी काही नाही. मी सही केली आणि कागद इंजिनिअरकडे सरकवला.

"साक्षीदार लागेल," तो म्हणाला. "सूनबाई नकोत, काम त्यांचं आहे."

म्हणजे हेच उरले. त्यांनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला. फडक्याने हात पुसले, एकेक बोट, नखांपर्यंत. मग कागद उचलला आणि दूर धरून वाचला. वाचून झाला तसा पुन्हा पहिल्यापासून वाचला. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. हात स्थिर होता. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. ओरडले असते तर मी उलट ओरडले असते, ते मला जमतं. हे मला जमत नव्हतं.

"इथे सही," इंजिनिअर हळूच म्हणाला, "आणि त्याखाली नातं. जबाब देणाऱ्याशी काय नातं ते. नवरा लिहा."

ह्यांनी पेन घेतलं, सही केली आणि खालच्या रकान्यात सावकाश एक शब्द लिहिला. इंजिनिअरने कागद घेतला, वाचला आणि चष्मा सारखा केला.

"काका, इथे तुम्ही 'मुलगा' लिहिलंय."

"हो, बाबांचा," हे म्हणाले. "राहू द्या तसंच."

इंजिनिअरने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि कागद होता तसा फाइलला लावला.